लिनक्सवर विंडो नीट दिसत नाही? आधी या चुका टाळा

विंडो अर्धी कापली जाते, काळी पडते, अक्षरं पुसट दिसतात, किंवा ॲप चालू असतं पण कुठे दिसतच नाही. हे सगळे वेगवेगळे आजार आहेत आणि लोक सगळ्यांवर एकच औषध देतात, कुठूनतरी कमांड उचलायची, पुढे सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने चालवायचा शब्द) लावायचं आणि एंटर. मग मूळ भानगड राहते बाजूला आणि नवीनच निस्तरत बसावं लागतं.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे आपण एक्स११ वर आहोत की वेलँडवर, म्हणजे स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या दोन यंत्रणांपैकी कोणती चालू आहे, हे न बघताच सुरू होणं. एक्स११ आहे १९८७ सालचं, वेलँडचं काम २००८ ला सुरू झालं, त्यामुळे नेटवर सापडणारे उपाय बरेचसे एक्स११ च्या जमान्यातले असतात. इकडे फेडोरा २०१६ पासून वेलँडवर, आणि उबुंटूने तर २५.१० आवृत्तीत ग्नोम या डेस्कटॉपचं एक्सॉर्ग (म्हणजे एक्स११ चंच) सेशन काढूनच टाकलं. तरी लोक एक्सॉर्गची कॉन्फ फाइल लिहीत बसतात, जी वेलँड ढुंकूनही बघत नाही. एक्सरँडआर, म्हणजे रिझोल्यूशन बदलायची कमांड, तर त्याहून फसवा, वेलँडमध्ये चालवला तरी तो स्क्रीनची छान यादी दाखवतो म्हणून वाटतं की चाललंय, पण ते एक्सवेलँडने (वेलँडवर एक्स११ ची ॲप चालवणारा दुवा) उभं केलेलं चित्र असतं, खऱ्या स्क्रीनचं रिझोल्यूशन त्याने बदलत नाही. ग्नोममध्ये सेटिंग्जच्या अबाउटमध्ये सिस्टिम डिटेल्स उघडा, तिथे विंडोइंग सिस्टिमसमोर सरळ लिहिलेलं असतं. मिंट लिनक्सचं सिनॅमन (हाही डेस्कटॉपच) अजूनही मुळात एक्स११ वरच उघडतं, म्हणून मिंटवाल्या मित्राचा उपाय उबुंटूवर चालला नाही की चिडू नका, तो चालणारच नव्हता.

यातलीच पुढची तक्रार, "स्केलिंग १२५ टक्के केलं आणि एकच ॲप धुरकट दिसतंय, बाकी सगळं चकाचक." ते ॲप बहुतेक वेळा एक्सवेलँडमधून येत असतं, लहान आकारात काढून मग ताणलेलं. खात्री करायला मी एक्सआइज वापरते, ते दोन डोळ्यांचं जुनं खेळणं. ते उघडायचं आणि संशयित विंडोवर माउस फिरवायचा. डोळे माउसच्या मागे फिरले तर ॲप एक्सवेलँडवर आहे, डोळे गप्प बसले तर ते खरं वेलँडवर. इलेक्ट्रॉनवर (वेबच्या तंत्राने ॲप बनवायची चौकट) बनलेल्या ॲपला ओझोनचा फ्लॅग, म्हणजे उघडतानाची एक सूचना, देऊन वेलँडवर आणता येतं, पण तो फ्लॅग सिस्टिमच्या फोल्डरमधल्या डेस्कटॉप फाइलमध्ये (मेनूतून ॲप उघडणारी फाइल) टाकू नका, पुढच्या अपडेटला पुसला जाईल. फाइलची कॉपी आपल्या होममधल्या लोकल-शेअर-ॲप्लिकेशन्समध्ये घ्या आणि तिथे बदल करा.

आता नोमोडसेट, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरला नीट सुरू होऊ न देणारा बूटचा पर्याय. याने मला जेवढा त्रास दिलाय तेवढा कशानेच नाही. ओळखीतल्या एका डीटीपीवाल्या दादांचा फोन आला, "इंकस्केपची विंडो स्क्रीनमध्ये मावत नाही, खालचं ओकेचं बटण दिसत नाही, आणि ड्रॅग केलं की मागे सावली राहते." जाऊन बघितलं तर चांगला फुल एचडी मॉनिटर १०२४ बाय ७६८ वर. दादांनी तोवर थीम बदलून झाली होती, पॅनल लहान करून झालं होतं, आणि मॉनिटर खराब आहे असं ठरवून नवीन बघायलाही सुरुवात केली होती. टर्मिनलमध्ये इन्क्सीला (हार्डवेअरची माहिती देणारी कमांड) ग्राफिक्स विचारलं तर रेंडररसमोर एलएलव्हीएमपाइप, म्हणजे ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून आणि सगळं चित्र प्रोसेसर काढतोय! झालं असं होतं की मिंट टाकताना काळी स्क्रीन आली म्हणून त्यांनी कॉम्पॅटिबिलिटी मोडने बूट केलं, त्यात काही चूक नाही, पण नंतर कुठेतरी वाचून नोमोडसेट ग्रबच्या (लिनक्स बूट करणारा प्रोग्रॅम) फाइलमध्ये कायमचं टाकून ठेवलं. ते एकदा बूट होऊन ड्रायव्हर टाकण्यापुरतं असतं हो, कायम घर करून राहायला नाही. ते काढलं, ग्रब अपडेट केलं, ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा शिफारस केलेला ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं, आणि निळी स्क्रीन आली. मी "थांबा" म्हणेपर्यंत दादांनी एंटर मारला! सिक्युअर बूट (मान्य सही नसलेला ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर हीच स्क्रीन महत्त्वाची, तिथे एनरोल मॉक (ड्रायव्हरची सही मान्य करायचा पर्याय) निवडून ड्रायव्हर टाकताना ठरवलेला पासवर्ड द्यायचा असतो, आणि वरती आयतंच निवडलेलं असतं कंटिन्यू बूट. घाईत एंटर मारला की ड्रायव्हर असूनही लोड होत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. घाई असणाऱ्यांनी त्या स्क्रीनचा आधीच मोबाइलवर फोटो काढावा असं माझं मत झालंय, निदान हात तरी गुंतलेले राहतील.

विंडो गायब, पण ऑल्ट-टॅबमध्ये दिसते? प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर काढल्यावर हे होतं. ॲप रीइन्स्टॉल करू नका, सेटिंग होममध्ये असते ती तशीच राहणार. ऑल्ट-टॅबने त्यावर जा, ऑल्ट-एफ७ दाबा आणि बाणाच्या बटणांनी आत ओढा. केडीई डेस्कटॉपवाल्यांनी ऑल्ट-एफ३ च्या मेनूतून मूव्ह निवडावं.

मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसतात तो विंडोचा दोष नाही, देवनागरी फाँट नाहीये. लोहित किंवा नोटो टाका, ॲप बंद करून उघडा.

एक्सहोस्ट प्लस ही कमांड. नको. त्याने एक्स११ चा दरवाजा सगळ्यांना उघडा होतो, कोणीही तुमची स्क्रीन बघू शकतं आणि टायपिंगही.

आणि "डिस्प्ले उघडत नाही" असा एरर आला म्हणून ग्राफिकल ॲप सुडोने चालवणारे. लाइटडीएमवर (लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅम) याचा प्रसाद असा मिळतो की होममधली एक्सऑथॉरिटी फाइल (स्क्रीन वापरायची परवानगी ठेवणारी) रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या नावावर जाते, मग पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन स्क्रीन फिरून परत तिथेच. लगेच नव्याने लिनक्स टाकायला पेन ड्राइव्ह शोधू नका. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने टेक्स्ट लॉगिन घ्या, आधी डिस्क भरलीये का बघा, कारण तेव्हाही अगदी असंच होतं, मग फाइलचा मालक बघा. रूट दिसला तर फाइल परत स्वतःच्या नावावर करा, आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ७ ने माघारी येऊन लॉगिन करा.