थरोब्रेड स्टॅलियन कसा निवडावा आणि घोडी कशी फळवावी

थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोडीसाठी स्टॅलियन (वीणीसाठी ठेवलेला नर) ठरवताना बहुतेक मालक त्याच्या जिंकलेल्या मोठ्या शर्यती मोजतात, घोडा लावण्याची फी परवडते का ते पाहतात आणि निर्णय घेऊन टाकतात. पण त्या शर्यती तो स्वतः धावलेला असतो. तुम्ही पैसे मोजता ते त्याच्या शिंगरांसाठी. म्हणून त्याची नोंद दोन भागांत वाचायची: तो कसा धावला आणि त्याची पोरं कशी धावली. दुसरा भाग उपलब्ध असेल तर पहिल्यापेक्षा त्यालाच जास्त वजन द्या.

तो कसा धावला

अंतर, वय, किती वेळा धावला आणि का थांबला, एवढ्या चार गोष्टी शोधा.

अंतर सगळ्यात आधी. गॅलिलिओ या घोड्याने २००१ मध्ये एप्समची डर्बी, आयरिश डर्बी आणि किंग जॉर्ज अशा तिन्ही शर्यती जिंकल्या, तिन्ही साधारण २४०० मीटरच्या. त्याच्या पोरांनीही हाच कल दाखवला: तिसऱ्या वर्षी खुलणारी, लांब पल्ल्याची. डेनहिलचा नावाजलेला विजय १९८९ च्या हेडॉक स्प्रिंट कपमधला, म्हणजे १२०० मीटर. त्याच्याकडून वेग आला. महालक्ष्मीची इंडियन डर्बी २४०० मीटरची आहे. तुमची घोडी १२०० मीटरपुढे दमत असेल तर नुसत्या स्प्रिंटरकडे नेऊन डर्बीचं स्वप्न पाहू नका. २००० ते २४०० मीटरवर टिकलेला स्टॅलियन घ्या. उलट घोडीच्या घरात नुसता दम असेल आणि वेग नसेल, तर १६०० मीटरला गती दाखवलेला घोडा बरा.

थांबण्याचं कारण मालक हमखास विचारत नाहीत. डॅनझिग फक्त तीन शर्यती धावला, तिन्ही जिंकला आणि गुडघ्याच्या त्रासामुळे थांबला. स्टडवर (पैदाशीच्या फार्मवर) मात्र तो विसाव्या शतकातल्या सर्वोत्तम स्टॅलियनमध्ये गणला गेला, डेनहिल त्याचाच मुलगा. तेव्हा छोटी कारकीर्द हा दोष मानू नका, पण गुडघा, टेंडन, श्वासनलिकेचा घरघर आवाज की फुफ्फुसातला रक्तस्राव, नेमकं काय झालं ते विचारा. तेच दुखणं घोडीला किंवा तिच्या आईला असेल तर तो स्टॅलियन सोडून द्या, मग नाव कितीही मोठं असो. पायांच्या ठेवणीचंही तसंच. दोघांचे गुडघे बाहेर वळलेले असतील तर शिंगराचे सरळ येतील ही आशा धरण्यात अर्थ नाही. आखूड मानेच्या घोडीला अतिलांब मानेचा घोडा लावला की मधलं काहीतरी येतं, हा समजही चुकीचा आहे. जिथे घोडीत उणीव आहे तिथे स्टॅलियन सरळ, योग्य ठेवणीचा हवा, टोकाचा नको.

पळण्यात अपयश आलं म्हणून घोडा बाद होत नाही. नॉर्दर्न डान्सरचा मुलगा रझीन १९९० च्या एप्सम डर्बीत फेव्हरिट म्हणून उतरला आणि पार मागे राहिला. भारतात उषा स्टडवर तोच चॅम्पियन सायर (ज्याच्या पोरांनी वर्षात सर्वाधिक बक्षिसं कमावली असा बाप) झाला.

पोरं कशी धावली

इथे विजेत्यांची यादी वाचू नका, भाजक शोधा. समजा, एका स्टॅलियनची १२० शिंगरं झाली. त्यांतली ७० धावली, ४२ जिंकली, ६ जणांनी स्टेक्स (वरच्या दर्जाची) शर्यत मारली. दुसऱ्याची ४० झाली. ३२ धावली, २० जिंकली, ४ स्टेक्स विजेते. जाहिरातीत सहा हा आकडा चारपेक्षा मोठा दिसतो. पण पहिल्याचे स्टेक्स विजेते शिंगरांच्या ५ टक्के आहेत, दुसऱ्याचे १० टक्के. आणखी खाली पाहा: पहिल्याची ५८ टक्केच शिंगरं शर्यतीपर्यंत पोहोचली, दुसऱ्याची ८० टक्के. हा फरक हाडांच्या आणि टेंडनच्या मजबुतीकडे बोट दाखवतो. ज्याला शिंगरू विकायचं नाही, स्वतः पळवायचं आहे, त्याने आधी हा आकडा पाहावा.

सरासरी कमाईवर एकदम विश्वास ठेवू नका. एका डर्बी विजेत्याची बक्षिसं उरलेल्या पन्नास सामान्य पोरांची सरासरी वर उचलतात. तो एक काढून पुन्हा भागाकार करा. आणि त्याला कोणत्या घोड्या मिळाल्या तेही तपासा. त्याच घोड्यांनी इतर स्टॅलियनपासून जी शिंगरं दिली, त्यांच्यापेक्षा याची पोरं सरस असतील तर तो घोड्यांची प्रत सुधारतो आहे. बरोबरीची असतील तर चांगल्या घोड्यांच्या जिवावर त्याचं नाव चाललं आहे. आयात स्टॅलियनच्या बाबतीत परदेशातल्या आकड्यांपेक्षा इथल्या घोड्यांपासूनची पोरं इथल्या ट्रॅकवर कशी धावतात ते मोलाचं.

नवा स्टॅलियन घेताना वेळेचा हिशेब मांडा. फ्रँकेल २०१२ मध्ये १४ पैकी १४ शर्यती जिंकून निवृत्त झाला. २०१३ मध्ये त्याला घोड्या दिल्या, २०१४ मध्ये शिंगरं झाली, २०१६ मध्ये ती पळू लागली. म्हणजे पहिले तीन सीझन (घोड्या फळवण्याचे हंगाम) लोक फक्त त्याच्या नावावर पैसे देत होते. फ्रँकेलने ते नाव राखलं, २०२१ मध्ये तो ब्रिटन-आयर्लंडचा चॅम्पियन सायर झाला; पण असे थोडे. बहुतेकांची फी तिसऱ्या-चौथ्या सीझनला उतरते, कारण नवेपणा संपलेला असतो आणि निकाल आलेला नसतो. शिंगरू बाजारात विकणाऱ्याने पहिल्या सीझनला घोडी न्यावी, पळवणाऱ्याने थांबावं.

घोडीची मादी शिंगरं पुढे वीणीसाठी ठेवायची असतील तर स्टॅलियन आजोबा म्हणून कसा आहे हेही पाहा. सेक्रेटेरिएटने १९७३ ची बेलमाँट शर्यत घोड्याच्या ३१ लांबींनी जिंकली, पण त्याच्या मुलग्यांपेक्षा मुलींनी जास्त दिलं: स्टॉर्म कॅट, ए. पी. इंडी आणि गॉन वेस्ट हे तिघं त्याच्या मुलींच्या पोटचे.

रक्तातलं नातं मोजणं सोपं आहे. फ्रँकेलचा बाप गॅलिलिओ, त्याचा सॅडलर्स वेल्स, त्याचा नॉर्दर्न डान्सर, म्हणजे बापाकडून तिसरी पिढी. आई काइंड, तिचा बाप डेनहिल, त्याचा डॅनझिग, त्याचा नॉर्दर्न डान्सर, म्हणजे आईकडून चौथी. हे तीन गुणिले चार. तीन-चार किंवा त्याहून लांबचं नातं घाबरण्यासारखं नाही, दोन-तीन टाळावं. अमुक घराण्याची तमुक घराण्याशी ‘जोडी जमते’ हे आकडे बहुधा मूठभर शिंगरांवर बेतलेले असतात, त्यांच्यासाठी जास्त फी देऊ नका.

फळण्याची क्षमता

सिगार या घोड्याने १९९४ ते १९९६ सलग १६ शर्यती जिंकल्या आणि स्टडवर त्याच्याकडून एकही घोडी गाभण राहिली नाही. म्हणून मागच्या सीझनला किती घोड्या दाखवल्या, किती गाभण राहिल्या आणि किती जिवंत शिंगरं झाली, हे तिन्ही आकडे स्टडकडून लेखी घ्या. व्यवस्था चांगली असेल तर एका माजात साधारण ६० टक्के आणि पूर्ण सीझनमध्ये ८५ टक्क्यांच्या आसपास घोड्या राहतात. शुक्राणू तयार व्हायला जवळपास दोन महिने लागतात, त्यामुळे जानेवारीत आलेल्या मोठ्या तापाचा फटका मार्चमध्ये दिसतो. चांगल्या स्टॅलियनकडच्या घोड्या मध्येच उलटू (गाभण न राहता परत माजावर येऊ) लागल्या की त्याचं दोन महिने मागचं आजारपण विचारा.

घोडी तयार करणे

थरोब्रेडला कृत्रिम रेतन चालत नाही, तसल्या शिंगराची स्टड बुकात नोंद होत नाही. घोडा प्रत्यक्षच लावावा लागतो. सगळ्या शिंगरांचा वाढदिवस १ जानेवारी धरतात आणि घोडी सुमारे ३४० दिवस गाभण असते. म्हणून १५ फेब्रुवारीच्या आधी घोडा लावू नका. २८ डिसेंबरला जन्मलेलं शिंगरू चार दिवसांत कागदोपत्री एक वर्षाचं होतं आणि त्याची पूर्ण कारकीर्द वाया जाते.

रिकामी घोडी फेब्रुवारीत माजावर यायला हवी असेल तर १ डिसेंबरपासून रोज १६ तास उजेड द्या. पुण्याकडे डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो, तेव्हा संध्याकाळी दिवा लावून रात्री अकराला बंद करायचा. तबेल्याच्या कुठल्याही कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. एखादी रात्र चुकली तरी परिणाम घसरतो, म्हणून टायमर लावा. असर दिसायला दोन महिने लागतात.

सीझनआधी गर्भाशयाचा आणि क्लायटोरिसच्या खाचेचा स्वॅब घ्या. संसर्गजन्य मेट्रायटिस (गर्भाशयाचा दाह) आणि क्लेबसिएला, स्यूडोमोनस हे जंतू यांची तपासणी निगेटिव्ह आल्याशिवाय चांगलं स्टड घोडी दारात घेणार नाही.

माजाचं चक्र २१ दिवसांचं, त्यात घोडी पाच ते सात दिवस घोडा घेते. टीझर (माज पारखायला वापरतात तो नर) समोर आणल्यावर शेपूट उचलून, मागचे पाय फाकवून मुतली, निरण (योनीमुख) उघडझाप करू लागली की रोज सोनोग्राफी सुरू करा. फॉलिकल (बीजांडाची पिशवी) ३५ मिलिमीटरच्या वर गेलं, मऊ पडलं आणि गर्भाशयाची सूज दिसली की डॉक्टर बीजांड सुटण्यासाठी एचसीजी या संप्रेरकाचं इंजेक्शन देतात. बीजांड साधारण ३६ ते ४८ तासांत सुटतं. घोडा त्याआधीच्या २४ तासांत लावायचा. शुक्राणू घोडीच्या पोटात दोन दिवस तग धरतात, सुटलेलं बीजांड जेमतेम अर्धा दिवस. उशीर झाला तर तो माज गेला.

घोडा लावताना

शेपटीला पट्टी गुंडाळा, निरण कोमट पाण्याने तीनदा धुऊन कोरडी करा, मागच्या खुरांना जाड नमद्याचे बूट घाला. स्टॅलियनचं लिंग साध्या कोमट पाण्याने धुवा. रोज जंतुनाशक लावलं तर तिथले निरुपद्रवी जंतू मरतात आणि स्यूडोमोनसला मोकळं रान मिळतं. सगळ्या माणसांच्या डोक्यावर हेल्मेट हवं. घोडीला धरणारा आणि स्टॅलियनला धरणारा एकाच बाजूला, डावीकडे उभे राहिले पाहिजेत, म्हणजे काही बिघडलं तर दोन्ही जनावरं आपल्याकडून दूर वळवता येतात.

शेपटीचे झटके दिसले म्हणजे काम झालं असं धरू नका. लिंगाखाली हात ठेवून मूत्रनलिकेतले ठोके मोजा आणि उतरताना गळणारे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत गर्भाशयात दोन सेंटिमीटरहून जास्त पाणी दिसलं तर डॉक्टर ते धुऊन गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन देतात. वयस्क माद्या उलटण्याचं हे नेहमीचं कारण असतं आणि दोष विनाकारण स्टॅलियनवर येतो.

त्यानंतर

पहिली तपासणी १४ किंवा १५ व्या दिवशीच. जुळं असेल तर त्या वेळी दोन्ही गर्भ फिरते असतात आणि डॉक्टर त्यांतला एक गर्भ हाताने चिरडू शकतात. १६ व्या दिवसानंतर ते चिकटतात आणि काम अवघड होतं. घोडीची जुळी क्वचितच जगतात, बहुधा दोन्ही जातात. दुसरी तपासणी २८ व्या दिवशी, हृदयाचे ठोके पाहायला. ३५ दिवसांच्या आत नक्की करून घ्या, कारण त्यानंतर गर्भ गेला तरी गर्भाशयातले एंडोमेट्रियल कप (गर्भामुळे तयार झालेल्या, संप्रेरक सोडणाऱ्या गाठी) काम करत राहतात आणि घोडी त्या सीझनला नीट माजावर येत नाही. हर्पीसची लस पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात.

करारात ‘जिवंत शिंगरू, उभं राहून दूध प्यायलेलं’ अशी अट असेल तीच घ्या, थोडी जास्त फी पडली तरी. घोडा लावल्याच्या तारखा त्याच दिवशी वहीत लिहा. स्टडच्या प्रमाणपत्रातली तारीख आणि बाळंतपणाची तारीख जुळली नाही तर पुण्यातल्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे नोंदणी अडते, आणि शिंगराचा डीएनए आई-बापाशी जुळेपर्यंत ते शर्यतीला उतरू शकत नाही.

मेअखेरपर्यंत तीन माज वाया गेले असतील तर जूनमध्ये घाई करू नका. जूनला फळलेल्या घोडीचं शिंगरू मेमध्ये येतं आणि दोन वर्षांच्या शर्यतींत जानेवारीच्या शिंगरांपेक्षा चार-पाच महिन्यांची वाढ कमी असताना पळतं. त्यापेक्षा गर्भाशयाची बायोप्सी करून घ्या, उपचार पुरे करा आणि १ डिसेंबरला दिवा लावा.