घरातला पाळीव साप चावला तर काय करायचं
आम्ही टेक्सासला राहतो, लेकाने बॉल पायथन (अजगराची एक छोटी जात) पाळलाय, बिनविषारी आहे पण चावतो कधीकधी. चावला की पहिलं म्हणजे हात खेचायचा नाही, कारण दात मागे वळलेले असतात, ओढलं की कातडी फाटते आणि त्याचाही दात तुटू शकतो. बहुतेक वेळा स्वतःच सोडतो. नाहीच सोडलं तर तोंडावर गार पाण्याची बारीक धार सोडा, विळखा असेल तर शेपटीकडून उलगडत या. मग साबणाने वाहत्या पाण्याखाली चांगलं धुवा, पण किचनच्या सिंकमध्ये नको हं, साल्मोनेलाची (पोट बिघडवणारा जंतू) भीती असते. टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील किंवा सूज, लाली वाढली तर डॉक्टरांना दाखवाच.

आमच्याकडे चूक आमचीच होती, फ्रोझन उंदीर देताना हाताला वास लागला आणि त्याच हाताने सापाला उचललं, त्याला बोट म्हणजे जेवणच वाटणार ना! ५ वर्षांखालच्या पोरांच्या हातात तर साप देऊच नका.

आणि हे फक्त ओळखीच्या बिनविषारी पाळीव सापाचं बरं का, भारतात गावाकडे अंगणात निघालेला साप चावला तर घरगुती उपाय न करता सरळ १०८ ला फोन लावा.