मोटारीचा कंडेन्सर घेताना मायक्रोफॅरॅडच नाही, व्होल्ट पण बघा

ऊन तापलं की आपल्याकडं सिंगल फेज मोटारीचे कंडेन्सर पटापट जायलेत, अन् दुकानात गेलेला माणूस फक्त मायक्रोफॅरॅड सांगून स्वस्तातला घेऊन येतो. तो आकडा म्हणजे कंडेन्सरची कपॅसिटी, वीज साठवायची ताकद, तो जुळलाच पाहिजे, पण शेजारी छापलेले व्होल्ट वाचल्याबिगर पैसे देऊ नका.

आत धातूच्या दोन थरांमधे वीज न वाहणारा पदार्थ असतो, तोच डायइलेक्ट्रिक. रनिंगच्या, म्हणजे मोटार चालू असेपर्यंत जोडलेल्या, कंडेन्सरमधे ही पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते, फक्त काही मायक्रॉन जाडीची. फिल्म निम्मी पातळ केली की कपॅसिटी दुप्पट होते पण व्होल्टेज सोसायची ताकद निम्म्यावर येते, अन् साठणारी ऊर्जा कपॅसिटी गुणिले व्होल्टेजचा वर्ग, त्याच्या निम्मी असते, म्हणून तेवढ्याच फिल्मवर जास्तीत जास्त मावणारी ऊर्जा उलट निम्मीच राहते. सिरॅमिकचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (हा जितका मोठा तितकी कपॅसिटी जास्त) हजारांत जाऊ शकतो, पॉलिप्रॉपिलीनचा जेमतेम २.२, तरी मोटारीला हीच फिल्म लागते कारण हवा मायक्रॉनला ३ व्होल्टच्या आसपास फुटते अन् ही काहीशे व्होल्ट सोसते, शिवाय एसी करंटवर तासन्‌तास चालून फार तापत नाही.

आता २३० व्होल्टच्या लायनीला ४४० व्होल्ट छापलेला कंडेन्सर कशाला? २३० चं शिखरच ३२५ व्होल्ट असतं, त्यात वाइंडिंग सिरीजमधे असल्यामुळं कंडेन्सरवर लायनीपेक्षा जास्त व्होल्टेज येतं, अन् रात्री लोड कमी झाला की लाईन अजून चढते. म्हणून ४४० चाच घ्या.

फिल्मला बारीक भोक पडलं तर भोवतीचा धातू उडून जातो अन् कंडेन्सर चालूच राहतो, पण दरवेळी कपॅसिटी थोडी घटते. मग मोटार नुसती घुमते, उचलत नाही. मेन स्वीच बंद करा, कंडेन्सर बल्बच्या वायरी लावून डिस्चार्ज करा (३६ मायक्रोफॅरॅडमधे ३२५ व्होल्टला जवळपास २ ज्यूल असतात, स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करू नका), मग मीटरवर मोजा. छापल्यापेक्षा १० टक्क्यांनी कमी भरला किंवा डबा फुगला तर बदलाच.

मोटार सुरू करतानाच लागणारा स्टार्टिंगचा कंडेन्सर इलेक्ट्रोलिटिक जातीचा असतो, त्यात अॅल्युमिनियम ऑक्साईडचा लई पातळ थर, म्हणून छोट्या डब्यात मोठा आकडा बसतो, पण तो काही सेकंदांपुरताच, रनिंगच्या जागी कधीच लावू नका. अन् पॅनेल पत्र्याचं असलं तर उन्हात ठेवू नका, दर १० अंश गर्मीला कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा हिशोब धरतात.