रिमोटची बटणे चालत नसतील तर

सेल बदलूनही रिमोटची काही बटणे चालत नसतील, तर दोष बहुधा आतल्या चिकटपणाचा असतो, कारण रबरी बटणांतून कालांतराने पाझरणारा तेलकट थर सर्किट बोर्डावर साचतो आणि बटणाखालच्या काळ्या कार्बनच्या टिकलीचा संपर्क नीट होत नाही.

सेल काढावेत, स्क्रू असल्यास सोडवावेत आणि जुन्या एटीएम कार्डाची कड फटीत हळूहळू फिरवून झाकण उघडावे. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावा. रबर मात्र कोमट साबणपाण्यात धुऊन पूर्ण कोरडे करावे. टिकल्या खरवडू नयेत, कार्बन निघून जातो. एखादी टिकली झिजलेलीच असेल, तर तिच्यावर तेवढाच गोल अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चिकटवावा. बटण पुन्हा चालू लागते.