चिनी पाहुणे सोलापुरात येणार असतील तर: कन्फ्यूशियसने घालून दिलेला मानाचा क्रम

युद्धकाळात चीनमध्ये जाऊन जखमींवर उपचार करणारे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक पाहायला चिनी शिष्टमंडळं सोलापुरात येतात. अशा वेळी पहिलं काम म्हणजे पाहुण्यांची यादी हुद्द्यांसकट आधी मागवून घेणं. मोठा कोण हे कळलं नाही की पुढचं सगळं चुकत जातं.

थोरला-धाकटा हा क्रम नीट पाळला की घर आणि राज्य दोन्ही सुरळीत चालतात, ही चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसची (इ.स.पू. 551–479) शिकवण. चीनमध्ये सरकारी नोकरीच्या परीक्षेत शतकानुशतकं त्याच्याच परंपरेचे ग्रंथ असायचे. ती परीक्षा 1905 मध्ये बंद झाली, 1974 मध्ये तर त्याच्याविरुद्ध सरकारी मोहीम निघाली. खुर्च्यांचा क्रम मात्र हलला नाही.

जेवणाच्या टेबलावर दाराकडे तोंड असलेली, दारापासून लांबची जागा मानाची. तिथे यजमानांपैकी सर्वांत ज्येष्ठ बसतात आणि त्यांच्या उजव्या हाताला प्रमुख पाहुणे. आपल्याकडे ‘बसा हो कुठंही’ म्हणतात. इथे त्याने पाहुण्यांची पंचाईत होते. पाहुण्यांचं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्या, वाचा, टेबलावर ठेवा. मागच्या खिशात कोंबू नका. नावात आडनाव आधी येतं: कोटणीसांच्या पत्नी क्वो छिंगलान, यातलं क्वो हे आडनाव. हाक मारायची ती आडनाव आणि हुद्दा जोडून.

स्मारकावरचा भाग सावकाश होऊ द्या. पूर्वजांना मान देणं हा या परंपरेचा गाभा; एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग या पूर्वजांच्या सणाला चिनी लोक कबरी झाडून फुलं वाहतात. कोटणीसांची कबर चीनमधल्या शिच्याच्वांग शहरात आहे. पाहुण्यांसाठी पांढऱ्या-पिवळ्या शेवंतीची उभी परडी, तिला दोन लांब फिती, एवढी तयारी पुरे. प्रमुख पाहुणे पुढे होऊन फिती सरळ करतात, मग सगळे तीनदा वाकतात. त्या वेळी टाळ्या नकोत, ‘सर, इकडं बघा’ही नको.

जेवणात आपला आग्रह आडवा येतो. पहिल्या-दुसऱ्या ‘नको’ला भिडस्तपणा समजून एकदा वाढा, तिसऱ्यांदा थांबा. जुन्या वळणाचा पाहुणा ताटात थोडं ठेवतो, म्हणजे पोटभर झालं; शेंगाचटणी आवडली नाही असं नव्हे. रिकामं ताट दिसलं की आपण पुन्हा वाढतो आणि तो बिचारा खात राहतो.

भेट म्हणून रंगीत सोलापुरी चादर उत्तम. पांढरी टाळा, तो शोकाचा रंग. घड्याळ आणि चारचा आकडाही टाळा. त्यांचा कन्फ्यूशियसशी संबंध नाही, ते मृत्यूसंबंधीच्या चिनी शब्दांशी असलेल्या उच्चारसाम्यातून आलेले अपशकुन, पण पाळावे लागतातच. दोन्ही हातांनी द्या, तिथेच उघडायला लावू नका.

व्यवहाराचं बोलणं असेल तर ‘विचार करू’ हा बहुधा नकारच समजावा. साहेबांसमोर त्यांच्या माणसाची चूक काढू नका. दर किंवा मुदत चुकली असेल तर चहाच्या वेळी त्याला बाजूला घेऊन सांगा.