डिझेल गाडीचा फॅन आणि तापमानाचा काटा : या चुका टाळा

ऑक्टोबरच्या उन्हात साकीनाक्याच्या कोंडीत उभ्या असलेल्या डिझेल गाडीचा फॅन जोरात फिरू लागला की इंजिन तापले असे समजून अनेक जण एसी बंद करतात, आणि काटा मधोमध दिसला की निर्धास्त होतात. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. आजच्या गाडीत फॅन केव्हा आणि किती वेगाने फिरवायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक ठरवतो, आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानाबरोबरच एसीच्या गॅसचा दाबही तो पाहतो. बीएस-६ गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी त्या फिल्टरमधील तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेले जाते. ते काम अर्धवट असताना गाडी बंद केली, तर फॅन पुढे काही मिनिटे फिरू शकतो. तो थांबवण्यासाठी बॅटरीची तार काढू नये.

काट्यावरही पूर्ण भिस्त ठेवू नये. बहुतेक गाड्यांत तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. कूलंट ८० अंशांवर असो वा १००च्या जवळ, काटा मध्यावरच दिसतो. खरा आकडा पाहायचा असेल, तर ईसीयूमधील आकडे दाखवणारा स्कॅनर लावावा लागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘फॅन डायरेक्ट करणे’, म्हणजे ईसीयूला वगळून फॅनची वायर थेट इग्निशनला जोडणे. ती का करू नये, हे कळण्यासाठी आधी सेन्सर समजून घ्यावा. कूलंटच्या सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो. तापमान वाढेल तसा त्याचा विद्युत रोध कमी होतो. अनेक सेन्सरमध्ये तो २० अंशांना साधारण २,५०० ओहम, तर ८० अंशांना ३००च्या आसपास असतो. वायर तुटली, तर ईसीयूला अशक्यप्राय थंड आकडा दिसतो. ईसीयू पी०११८ हा दोषाचा कोड नोंदवतो आणि बहुतेक गाड्यांत खबरदारी म्हणून फॅन पूर्ण वेगाने सोडतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताच फॅन घोंघावत असेल आणि इंजिनाचा दिवा लागला असेल, तर आधी सेन्सर आणि त्याचा कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लग, तपासावा.

मुंबईत याहून फसवा दोष आढळतो. पावसाचे पाणी आणि खारी हवा यांमुळे कपलरच्या पिना गंजतात, तेथे थोडा जादा रोध निर्माण होतो आणि इंजिन आहे त्यापेक्षा थंड असल्याचे ईसीयूला भासते. आकडा शक्यतेच्या मर्यादेत असल्यामुळे कोड येत नाही, मात्र फॅन उशिरा सुरू होतो. अशा वेळी फॅनची वायर थेट इग्निशनला जोडली, तर फॅन फिरतो खरा, पण इंधनाचे प्रमाण, थंड इंजिन सुरू होताना तापणारे ग्लो प्लग आणि डीपीएफची सफाई त्याच चुकीच्या आकड्यावर चालू राहते. त्याऐवजी गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर शेजारी शेजारी पाहावे. दोन्ही जवळपास सारखे असले पाहिजेत. कूलंटचा आकडा ठळकपणे कमी असेल, तर कपलर उघडून पिना साफ कराव्यात. मात्र थोडा जादा रोध थंड इंजिनाच्या आकड्यात फारसा दिसत नाही, म्हणून आकडे जुळले तरी कपलर एकदा उघडून पाहावा. माझ्या मते ही तपासणी कोणताही भाग बदलण्यापूर्वी झालीच पाहिजे.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याचा सल्लाही मानू नये. इंजिन योग्य तापमानाला पोहोचलेच नाही, तर डीपीएफची सफाई सुरू होत नाही आणि डिझेलही जास्त लागते.

गाडी कोठे तापते, हे मेकॅनिकला नेमके सांगावे. कोंडीत तापून मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर संशय फॅन, रिले किंवा फॅनच्या रेझिस्टरवर घ्यावा, कारण वेगात समोरून येणारा वाराच पुरेसा असतो. बोरघाट चढताना तापत असेल, तर कूलंटचा पंप, थर्मोस्टॅट किंवा चोंदलेला रेडिएटर पाहावा.

कूलंटऐवजी नळाचे पाणी भरत राहिल्यास आतून गंज चढतो. त्याहून घातक गोष्ट ही, की पातळी फार खाली गेली तर सेन्सर द्रवाऐवजी वाफेत राहतो आणि इंजिन जळत असतानाही काटा खाली येऊ शकतो. वर गेलेला काटा अचानक उतरला आणि हीटरमधून थंड हवा येऊ लागली, तर गाडी लगेच कडेला घेऊन इंजिन बंद करावे. किमान अर्धा तास कूलंटच्या टाकीच्या झाकणाला हात लावू नये. आत दाब असल्यामुळे १०० अंशांच्या वर गेलेले कूलंट उकळलेले नसते, आणि झाकण सैल होताच ते उकळून अंगावर उसळते.