एकच होंडा, दोन उत्तरं

धोरणशास्त्राचे, म्हणजे कंपन्या आपली दिशा कशी ठरवतात याच्या अभ्यासाचे, सिद्धांत व्याख्यांसारखे पाठ करू नका, सालवार लावा. मी फळ्यावर आडवी रेघ ओढून 1962 चँडलर (धोरण आणि कंपनीची रचना), 1980 पोर्टर (उद्योगातली स्पर्धा), 1991 बार्नी (कंपनीकडची संसाधनं) एवढं लिहितो. त्याला पाच मिनिटं पुरतात.

खरा वेळ द्या तो एकाच घटनेला. माझी आवडती घटना म्हणजे होंडा ही जपानी कंपनी. तिने 1959 मध्ये लॉस एंजेलिसला बस्तान मांडलं आणि पुढे अमेरिकेतली मोटारसायकलची बाजारपेठ काबीज केली. कशी? 1975 साली बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीने ब्रिटिश सरकारला अहवालात सांगितलं: उत्पादन प्रचंड, म्हणून खर्च कमी. 1984 मध्ये व्यवस्थापनाचे अभ्यासक रिचर्ड पास्केल यांचा लेख आला. त्यांनी होंडाला अमेरिकेत नेणाऱ्या अधिकाऱ्यांनाच गाठलं होतं, आणि चित्र पालटलं. या अधिकाऱ्यांना मोठ्या गाड्या विकायच्या होत्या. पण लांब पल्ल्याला त्यांचं तेल गळू लागलं, क्लच जाऊ लागले. ही माणसं स्वतःच्या कामांसाठी 50 सीसीच्या सुपर कब या होंडाच्याच छोट्या दुचाकींवर हिंडायची, आणि त्या दुचाकी लोकांच्या नजरेत भरल्या. शेवटी नाइलाजाने त्याच विकायला काढल्या. व्यवस्थापनतज्ज्ञ मिंट्झबर्ग यांनी ‘घडत जाणाऱ्या धोरणा’साठी, म्हणजे आधी न आखता करता करता उमगणाऱ्या धोरणासाठी, हेच उदाहरण उचललं.

आता वहीच्या पानाला मधोमध घडी घाला. दोन्ही उत्तरांसाठी डावीकडे लिहा, कुणाला विचारलं: आकड्यांना की माणसांना? उजवीकडे, काय नजरेतून सुटलं? पास्केल वाचून बोस्टनचा आधीचा अहवाल मात्र फेकू नका, ही माझी कळकळीची विनंती. खर्चाचा हिशेब खोटा नव्हता. मग पोर्टर यांच्या नजरेने होंडा पाहा आणि तेच पान पुन्हा भरा.